बंदी रंगावर हवी, पदार्थावर नव्हे

गोबी मंचुरियन हा गोव्यातील जत्रांत आणि फेस्तांच्या फेरीत हमखास दिसणारा पदार्थ आहे. गेल्या काही वर्षांत अधिकाऱ्यांचा आणि लोकप्रतिनिधींचा रोषही त्यानेच सर्वाधिक ओढवून घेतला आहे. २०२२ मध्ये वास्को येथील श्री दामोदर भजनी सप्ताहाच्या फेरीत या पदार्थाच्या स्टॉलांना आवर घालावा, अशा सूचना अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव नगरपालिकेला दिल्या. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा येथील श्री देव बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने एका नगरसेवकाने बंदीची मागणी केली आणि म्हापसा नगरपालिकेने ती मान्य केली. दोन्ही वेळा कारणे जवळपास सारखीच होती: कृत्रिम रंग, निकृष्ट सॉस आणि अस्वच्छता. ही कारणे खोटी नाहीत. मात्र त्यांवर योजलेला उपाय चुकीचा, कायद्याच्या दृष्टीने कच्चा आणि लहान विक्रेत्यांवर अन्याय करणारा आहे. जत्रेच्या आयोजकांनी या विक्रेत्यांना हाकलण्याऐवजी नियमांत आणावे आणि नियमांत राहण्यासाठी त्यांना आधार द्यावा. बंदीच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे एकेक करून तपासले की हे स्पष्ट होते.

आधी पदार्थ काय आहे ते पाहिले पाहिजे. फ्लॉवरचे तुरे मैदा आणि कॉर्नफ्लॉरच्या पिठात घोळवून तळतात. नंतर मोठ्या आचेवर आले, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कांद्याची पात यांत ते परततात. या पाककृतीचा उगम चीनमध्ये शोधूनही सापडत नाही. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंचुरियन तयार केले, असे त्याच्या उगमाविषयी सर्वसाधारणपणे मानले जाते. आले, लसूण आणि हिरवी मिरची हा कुठल्याही भारतीय स्वयंपाकघरातला पाया घ्यायचा, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालायचा आणि कॉर्नफ्लॉरने रस्सा दाट करायचा, एवढीच त्यामागची कल्पना होती. पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि पदार्थ शाकाहारी झाला. त्यामुळेच तो देवळाच्या जत्रेत पोचू शकला. क्लबमध्ये जन्मलेला पदार्थ रस्त्यावरच्या गाडीवर आणला तो लहान विक्रेत्यांनी. एक शेगडी, एक कढई, दोन-तीन माणसे आणि थोडे भांडवल एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. हातात फारसे काही नसलेल्या कुटुंबाला तो पेलतो, याचे कारणही हेच आहे.

जत्रा म्हणजे काय, हेही लक्षात घ्यायला हवे. गोव्यात पौषात बोडगेश्वराची आणि फातर्पे येथील शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीची जत्रा भरते, वैशाखात शिरगावला लईराईची, श्रावणात वास्कोचा सप्ताह. डिसेंबरच्या ३ तारखेला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते. देवदर्शन आणि बाजार या तिथे वेगळ्या गोष्टी नसतात. खाजे, लाडू, चणे, भजी, बांगड्या, भांडी, खेळणी, पाळणे हे सगळे उत्सवाचेच अंग असते. फिरता विक्रेता एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जातो आणि या चार-आठ दिवसांच्या कमाईवर पुढचे महिने काढतो. त्यामुळे एखाद्या जत्रेतली बंदी त्याच्या वर्षाच्या उत्पन्नाचा एक तुकडा काढून घेते. दुकानदाराला दुसऱ्या दिवशी दुकान उघडता येते. जत्रेतल्या विक्रेत्याचा हुकलेला दिवस त्याला थेट पुढच्या वर्षीच परत मिळतो.

बंदीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आरोग्याचा आहे, आणि त्याला पळवाट न काढता उत्तर द्यायला हवे. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेली तपासणी या बाबतीत बोलकी आहे. गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग सापडले. टारट्राझिन, सनसेट यलो आणि कारमोइसिन हे ते रंग. कापूसमिठाईच्या, म्हणजे बुढ्ढी के बाल म्हणून मुलांना माहीत असलेल्या पदार्थाच्या, २५ नमुन्यांपैकी १५ सदोष निघाले आणि त्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्यासाठी वापरला जाणारा रंगही आढळला. एवढे मोठे प्रमाण पाहून कोणालाही काळजी वाटावी. विक्रेत्यांची बाजू घेणाऱ्याने हे आकडे झाकून ठेवू नयेत.

पण हेच आकडे पुरते वाचले तर ते बंदीच्या विरोधात जातात. १७१ पैकी ६४ नमुने त्या रंगांपासून मुक्त होते. म्हणजे गोबी मंचुरियन रंगाशिवाय करता येतो, विकता येतो आणि लोक तो विकतही घेतात. दोष पदार्थाच्या घडणीत नाही, वरून टाकलेल्या चिमूटभर पुडीत आहे. कर्नाटकाने यावरून काढलेला निष्कर्ष म्हापशाच्या नेमका उलट होता. तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी स्पष्ट केले की बंदी कृत्रिम रंगांवर आहे, गोबी मंचुरियनवर नाही. रंग वापरणाऱ्याला कठोर शिक्षेचा इशारा दिला गेला आणि प्रामाणिक विक्रेत्याची शेगडी पेटती राहिली. एकाच वर्षी, एकाच पदार्थाबाबत, शेजारच्या दोन राज्यांत हे दोन मार्ग निवडले गेले. कर्नाटकाचा मार्ग १०७ जणांना पकडतो आणि ६४ जणांना सोडतो. म्हापशाचा १७१ जणांना एकाच मापाने मोजतो. न्यायाची साधी कसोटी लावली तरी कर्नाटकाचा मार्ग श्रेष्ठ ठरतो.

यावर एक प्रत्युत्तर संभवते. तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये ऱ्होडामाइन-बी आढळल्यावर कापूसमिठाईच्या विक्रीवरच बंदी घातली. मग म्हापशाने पदार्थावर बंदी घातली तर काय बिघडले? उत्तर असे की तमिळनाडूत आधी प्रयोगशाळेचा अहवाल आला, मग राज्याच्या यंत्रणेने निर्णय घेतला, आणि निर्णयामागचे कारण लोकांसमोर मांडले गेले. म्हापशात नगरसेवकाची मागणी आणि पालिकेची संमती यांच्यामध्ये असा कोणताही अहवाल आला नाही. शिवाय तमिळनाडूच्या निर्णयातही बिनरंगी, पांढरी मिठाई विकणारा फेरीवाला विनाकारण भरडला गेलाच. एका ठिकाणी झालेली अतिरेकी कारवाई दुसऱ्या ठिकाणच्या कारवाईचे समर्थन होऊ शकत नाही.

रंगांखेरीज आणखी आरोप केले गेले. दाखवण्यासाठी चांगला सॉस ठेवतात आणि कढईत हलका वापरतात. तळणी कुरकुरीत राहावी म्हणून पिठात कपडे धुण्याच्या रिठ्यासारखी पूड मिसळतात, असे वृत्तपत्रांत आले. हे खरे असेल तर ती गंभीर भेसळ आहे आणि तशी भेसळ करणाऱ्याला जत्रेतच काय, कुठेही अन्न विकू देऊ नये. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये त्यासाठी पुरेशी तरतूद आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो आणि अन्न विश्लेषक १४ दिवसांत अहवाल देतो. अहवाल मान्य नसल्यास विक्रेत्याला अपील करता येते. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू ओढवला तर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. इतका धारदार कायदा हाताशी असताना नाव नसलेल्या कोणावर तरी मोघम आरोप करून साऱ्या व्यवसायाला दोषी ठरवणे म्हणजे तपासाचे काम टाळणे होय. रिठा कोणी मिसळला, किती मिसळला आणि कोणत्या नमुन्यात सापडला, हे सांगितल्याशिवाय तो आरोप शिक्षेचा आधार होऊ शकत नाही. भेसळ करणाऱ्यालाही अशी बंदी सोयीची असते. त्याच्यावर खटला होत नाही, त्याचे नाव कुठे नोंदले जात नाही, आणि पुढच्या जत्रेत दुसराच पदार्थ घेऊन तो पुन्हा उभा राहू शकतो.

तेलाची तक्रार तर मंचुरियनपुरती नाहीच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक ध्रुवीय संयुगे वाढतात. भारतात १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे गेलेले तेल वापरता येत नाही. ते मोजण्याचे हातात धरायचे उपकरण मिळते आणि काही क्षणांत आकडा दाखवते. भजी, वडे, जिलेबी आणि मंचुरियन या सगळ्यांची कढई याच नियमाखाली येते. आयोजकांना खरोखर तेलाची काळजी असेल तर संध्याकाळी जत्रेतून एक फेरी मारून प्रत्येक कढईतले तेल तपासता येईल. मंचुरियनची कढई उचलायला लावायची आणि शेजारच्या भज्यांच्या कढईकडे पाहायचेही नाही, यात आरोग्याची काळजी दिसत नाही, एका पदार्थाविषयीचा राग दिसतो.

अजिनोमोटोचा धाक हा या रागाचा जुना आधार आहे. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट; हा पदार्थ चवीसाठी वापरण्याची कल्पना टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्शावरून सुचली. त्याविषयीच्या भीतीला सुरुवात झाली ती १९६८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका पत्रापासून. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते आणि छातीत धडधडते, असे त्या पत्रलेखक डॉक्टरने लिहिले होते आणि काही संभाव्य कारणे सुचवली होती. त्यानंतर झालेल्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या अन्नातील प्रमाणात असा परिणाम सातत्याने दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये त्याच्या रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे ठरवले. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरवलेल्या चीजमध्येही निसर्गतः असते. भारतीय नियमांत लहान बाळांसाठी सावधगिरीची सूचना आहे आणि काही पदार्थांत ते घालण्यास मनाई आहे. ते नियम पाळले जावेत आणि विक्रेत्याने ते वापरले असेल तर फलकावर तसे लिहावे. पण अर्धशतकापूर्वीच्या एका पत्रातून पसरलेली भीती आज कोणाची रोजी हिरावून घेण्याला पुरेसे कारण ठरत नाही.

आता अधिकाराचा प्रश्न. राज्यात एखाद्या खाद्यपदार्थाच्या विक्रीवर मनाई करण्याचा अधिकार २००६ च्या कायद्याने अन्न सुरक्षा आयुक्तांना दिला आहे. कलम ३० नुसार तो सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठीच वापरायचा असतो, मनाईचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो आणि तो एका वेळी एका वर्षाहून अधिक काळासाठी काढता येत नाही. गुटख्यावरच्या बंद्या याच कलमाखाली वर्षानुवर्षे नव्याने काढाव्या लागल्या आहेत. कायद्याने या अधिकाराभोवती इतकी कुंपणे घातली, कारण कुठला पदार्थ खाण्यास अयोग्य हे तज्ज्ञांनी पुराव्यावरून ठरवावे, बहुमताने नव्हे, हे त्यामागचे सूत्र आहे. जत्रेच्या जागेवर कोणाला किती फूट जागा द्यायची, वाहतूक कशी ठेवायची, कचरा कुठे टाकायचा, हे नगरपालिकेने जरूर ठरवावे. पण जागावाटपाच्या अधिकाराआडून पदार्थावरच मनाई लादणे म्हणजे आयुक्तांवरची कुंपणे टाळून त्यांचाच अधिकार वापरण्यासारखे आहे.

रस्त्यावरच्या विक्रीला भारतात घटनात्मक आधारही आहे. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेरीचा धंदा करण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(छ) मध्ये सामावलेला असल्याचे मान्य केले आणि त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील असेही सांगितले. पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने शहर विक्रेता समित्यांची रचना घालून दिली आणि त्यांत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत, त्यांतही एक तृतीयांश महिला असाव्यात, असे ठरवले. गावोगावच्या जत्रांत फिरणाऱ्या विक्रेत्याला हा कायदा प्रत्यक्षात फारसा पोचत नाही, हे खरे. पण त्यामागचे तत्त्व जत्रेलाही लागू पडते: विक्रेत्याविषयीचा निर्णय त्याचे म्हणणे ऐकून घ्यावा. निर्बंध वाजवी ठरण्यासाठी तो ज्या दोषावर आहे त्या दोषापुरताच असावा लागतो.

आरोग्याचे मुद्दे संपले की संस्कृतीचा मुद्दा पुढे येतो. हे खाणे परके आहे, देवाच्या जत्रेत चिनी पदार्थ कशाला, असे म्हटले जाते. या भावनेला राजकीय आवाजही मिळाला आहे. गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर जून २०२० मध्ये केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चिनी खाद्यपदार्थ विकणाऱ्या उपाहारगृहांवर बंदीची मागणी केली होती. सीमेवर जवान हुतात्मा झाल्यावर उसळलेला संताप समजण्यासारखा आहे. पण त्या संतापाचा मार कोणावर पडतो हे पाहावे. सोया सॉस इथे बनतो, फ्लॉवर इथल्या शेतात पिकतो, मैदा इथल्या गिरणीतून येतो आणि कढई ढवळणारा हात भारतीय नागरिकाचा असतो. अशी गाडी बंद केल्याने चीनचे काहीही बिघडत नाही; बिघडते ते त्या कुटुंबाचे.

ज्या समाजाच्या हातून ही पाककला भारतात रुजली, त्याला असा संताप नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ अचिपूर येथे चिनी वस्ती वसली आणि पुढे तिरेट्टा बाजार व टेंगरा ही त्यांची ठिकाणे झाली. १९६२ च्या युद्धानंतर या समाजातील हजारो माणसांना, त्यांत भारतातच जन्मलेलेही होते, राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबले गेले. देशाच्या शत्रुत्वाचा हिशेब शेजाऱ्याकडून चुकता करून घेतला की काय होते, याचा हा आपल्याच देशातला दाखला आहे. मुंबईतही माझगावला या समाजाचे देऊळ आजवर उभे आहे. ज्यांच्या स्वयंपाकातून आपण इतके घेतले, त्यांच्या चवीलाच परके म्हणून हाकलणे कृतघ्नपणाचे आहे.

परकेपणाची कसोटी जत्रेतल्या बाकीच्या पदार्थांना लावली तर त्यांतले बरेच टिकणार नाहीत. मिरची, बटाटा आणि टोमॅटो अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे आपल्याकडे आले. पाव त्यांच्याच भट्ट्यांतून गोव्यात रुजला. खुद्द फ्लॉवर इंग्लंडमधून १८२२ मध्ये सहारनपूरला आणला गेला, असे भारतीय शेतीचा इतिहास सांगतो. मिरचीची भजी आणि बटाटावडा देवळाच्या दारात चालतात, कारण लोकांनी ते खाऊन आपले केले. मंचुरियनलाही जवळपास पन्नास वर्षे झाली. जत्रेला आलेली मुले तो मागून खातात, आणि जत्रेत काय शोभते याचा निवाडा शेवटी जत्रेला येणारे लोकच करत आले आहेत.

स्थानिक विक्रेत्यांच्या हिताचा मुद्दा मात्र मनापासून विचारात घ्यावा असा आहे. गोव्याच्या खाज्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुळाच्या पाकात घोळलेले, आल्याच्या चवीचे हे खाजे करणारी कुटुंबे जत्रांवरच जगतात आणि त्यांची जागा आक्रसत असेल तर आयोजकांनी लगेच लक्ष घालायला हवे. त्यासाठी खाज्याच्या दुकानांना मोक्याच्या जागा राखून ठेवता येतात, त्यांचे भाडे कमी करता येते, मानांकनाचा फलक लावता येतो. मंचुरियन हटवल्याने मात्र खाजे जास्त खपणार नाही. खाजे लोक घरी नेण्यासाठी बांधून घेतात, मंचुरियन उभ्या उभ्या गरम खातात. दोघांचे गिऱ्हाईक एकच असले तरी खरेदीची वेळ आणि कारण वेगळे आहे. शिवाय जागेचे भाडे चढे ठेवून किंवा तिचा लिलाव करून आयोजक स्वतःच लहान विक्रेत्याला हलका सॉस आणि जुने तेल यांच्याकडे ढकलतात. चार दिवसांत भाडे वसूल करायचे तर काटछाट मालातच होते. निकृष्ट मालाची तक्रार करणाऱ्या आयोजकांनी आपण आकारलेल्या भाड्याचाही हिशेब मांडावा.

मग आधार द्यायचा तो कसा? त्याचा नमुना देशात आहे. २०१८ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाचा परिसर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने देशातले पहिले स्वच्छ पथखाद्य केंद्र म्हणून घोषित केला. तिथे ६६ विक्रेते होते. त्यांना हटवले नाही. आधी त्रुटी शोधल्या, मग पाणी, निचरा, कचरा आणि स्वच्छतेच्या सोयी सुधारल्या, विक्रेत्यांना प्रशिक्षण दिले, पुन्हा तपासणी केली आणि त्यानंतर प्रमाणपत्र दिले. जत्रेसाठी हाच क्रम लहान प्रमाणात वापरता येतो.

पहिली पायरी नोंदणीची. २०११ च्या नियमांनुसार छोट्या अन्नव्यावसायिकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. जत्रेच्या आठवडाभर आधी नगरपालिकेने नोंदणीचे टेबल मांडावे आणि अर्ज भरायला मदत करावी. दुसरी पायरी लेखी अटींची: तयार मंचुरियनमध्ये कोणताही कृत्रिम रंग नको, सॉसच्या बाटलीवर उत्पादकाचा नोंदणी क्रमांक हवा, बाटल्या गिऱ्हाइकाला दिसतील अशा ठेवाव्यात, कच्चा माल झाकलेला असावा. तिसरी पायरी आयोजकांच्या कर्तव्याची. स्वच्छ पाण्याचा नळ, हात धुण्याची जागा, सांडपाण्याचा निचरा आणि वापरलेले तेल गोळा करण्याची सोय ही कामे विक्रेत्याच्या ऐपतीबाहेरची आहेत. भाडे घेणाऱ्याने ती करून दिली पाहिजेत. पाण्याचा थेंब न पुरवता अस्वच्छतेचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. चौथी पायरी तपासणीची: प्राधिकरणाच्या फिरत्या प्रयोगशाळा राज्याराज्यांत आहेत, त्यांतली एक जत्रेच्या दिवसांत मागवावी, कढईतले तेल मोजावे आणि अचानक नमुने घ्यावेत. पाचवी पायरी शिक्षेची. ज्याच्या नमुन्यात दोष सापडेल त्याचा स्टॉल त्याच रात्री बंद करावा, खटला भरावा आणि पुढच्या वर्षी त्याला जागा नाकारावी. त्याचे शेजारी, ज्यांचे नमुने शुद्ध निघाले, त्यांना मात्र हात लावू नये.

या पाच पायऱ्यांना खर्च येतो आणि मेहनत लागते, बंदीला फक्त एक ठराव लागतो. बंदी लोकप्रिय होण्याचे कारण हेच आहे. पण ठरावाने रंगाची पुडी नष्ट होत नाही. ती जिलेबीत, सरबतात, कापूसमिठाईत शिल्लक राहते आणि मुलांच्या पोटात जातच राहते. तपासणीने मात्र ती प्रत्येक पदार्थातून बाहेर काढता येते. आरोग्याची खरी काळजी असलेल्यांनी म्हणूनच बंदीवर समाधान मानू नये. जत्रेत येणाऱ्या प्रत्येक माणसाला निर्धोक अन्न मिळावे आणि ते प्रामाणिकपणे बनवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो खाजे विको वा मंचुरियन, तिथे उभे राहायला जागा मिळावी, ही दोन्ही कर्तव्ये आयोजकांना एकाच वेळी पार पाडता येतात.